भर उन्हांतील छायाचित्रें आणि आपले चेहरे

आपल्या बीड जिल्ह्यांत पाण्याचा दुष्काळ वारंवार पडतो. उन्हाचा दुष्काळ पडल्याचें कोणाच्या ऐकिवांत नाहीं. त्यामुळेंच कीं काय, "ऊन भरपूर आहे, फोटो चांगला येईल," हें वाक्य आपल्याकडे लग्नाच्या मांडवांत, यात्रेंत आणि शाळेच्या पटांगणावरहि सारख्याच विश्वासानें उच्चारलें जातें. हा विश्वास खोटा आहे; इतकेंच नव्हे, तर त्यानें आपल्या घराघरांतील आठवणींची बरीच नासाडी केली आहे, असें आमचें मत आहे. तें वार्षिकाच्या वाचकांपुढें, आणि विशेषेंकरून पालकांपुढें, मांडण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

नासाडी हा शब्द कोणास अतिशयोक्तीचा वाटेल. परंतु खेड्यांतील घरांच्या भिंतीवर वडीलधाऱ्यांच्या ज्या तसबिरी टांगलेल्या असतात, त्यांतील कितीएक मूळच्या स्वतंत्र काढलेल्या नसतात. माणूस गेल्यावर शोधाशोध होते. कोणाच्या तरी लग्नांतील समूहचित्र सांपडतें. त्यांतून तो चेहरा कापून, मोठा करून, चौकटींत बसवितात आणि त्यास हार घालतात. तें समूहचित्र जर वैशाखांतील भर दुपारचें असेल, तर डोळ्यांच्या ठिकाणीं दोन काळे खड्डे आणि कपाळ व गाल यांच्या ठिकाणीं कोरा कागद, एवढेंच मोठें होऊन येतें. तसबिरींत फेटा असतो, मिशा असतात, माणूस नसतो. मागें राहिलेल्या नातवंडांस आजोबांचें दुसरें कोणतेंहि रूप मिळावयाचें नसतें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे नासाडी हा शब्द फार मोठा वाटणार नाहीं.

प्रथम हा दोष कसा घडतो तें पाहूं. कॅमेरा म्हणजे एक लहानशी काळोखी कोठडी. तिच्या पुढच्या अंगास भिंग व मागच्या अंगास प्रकाश टिपून घेणारा पृष्ठभाग. हा पृष्ठभाग पूर्वीं रसायन लावलेली कांच होता, पुढें फिल्म झाला, आणि आतां लक्षावधि सूक्ष्म कोष्ठांची एक चकती झाला आहे. प्रत्येक कोष्ठांत प्रकाशाच्या प्रमाणांत विद्युत्-भार सांठतो. जणूं टँकरखालीं ओळीनें मांडलेले हंडेच. हंडा निम्मा भरला कीं पाऊण भरला, हें पाहून सांगतां येतें. परंतु तो एकदां काठोकाठ भरला, म्हणजे वर आणखी तांब्याभर पाणी ओतलें कीं चार घागरी ओतल्या, हें हंड्याकडे पाहून कोणासहि सांगतां येणार नाहीं. कोष्ठाचें तसेंच आहे. भरून वाहणारा कोष्ठ "पांढरें" एवढा एकच शब्द बोलतो. कपाळावरील आठी, लुगड्याचें काठ, धोतराची चुणी हें सारें त्याच्या काठावरून वाहून गेलेलें असतें. साध्या संगणकी चित्रांत उजेडाची पातळी ० पासून २५५ पर्यंत मोजतात. २५५ च्या पुढें आंकडाच नाहीं. म्हणून थोडें अंधुक आलेलें चित्र मागाहून बरेंचसें उजळतां येतें. परंतु जळालेलें चित्र कितीहि काळवंडविलें तरी पांढऱ्याचें राखी होतें, गेलेला चेहरा परत येत नाहीं. जुन्या निगेटिव्ह फिल्मची प्रकृति याच्या उलट होती. तिला प्रकाश थोडा अधिक झालेला सोसे, कमी झालेला सोसत नसे. त्या दिवसांत हात बसलेले कांहीं लोक अजूनहि "जरा जास्तच द्या" असें सांगतात. त्यांचें म्हणणें त्या फिल्मपुरतें खरें होतें; आजच्या कॅमेऱ्यास तें बाधतें.

हंड्यांत पाणी किती पडावें हें तीन गोष्टींवर अवलंबून असतें: तोटीचें तोंड केवढें, ती किती वेळ उघडी, आणि हंडा केवढा. कॅमेऱ्यांतहि अशाच तीन गोष्टी आहेत. भिंगाच्या मागील छिद्र, ज्यास ॲपर्चर म्हणतात, तें पहिलें. शटर किती काळ उघडें राहिलें, हें दुसरें. आणि प्रकाश टिपणाऱ्या चकतीस किंवा फिल्मला थोडक्या प्रकाशांत भागतें कीं पुष्कळ लागतो, हें दाखविणारा आयएसओचा आंकडा, हें तिसरें. छिद्राचे आंकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे चमत्कारिक दिसतात. गणितांत गोडी असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं यांचा उलगडा स्वतः करून पहावा: भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागिलें म्हणजे हा आंकडा मिळतो, आणि क्षेत्रफळ निम्मे व्हावयाचें तर व्यास दोहोंच्या वर्गमूळानें भागावा लागतो. म्हणून आंकडा एक पायरी वर चढला कीं प्रकाश निम्म्यावर येतो. मोठा आंकडा म्हणजे लहान छिद्र, ही गोष्ट नवशिक्यास आरंभीं उलटी वाटते; परंतु एक सोळांश हा एक चतुर्थांशाहून लहान, हें ज्यास ठाऊक आहे त्याची अडचण एका मिनिटांत दूर होते.

आतां भर उन्हासाठीं छायाचित्रकारांचा एक जुना नियम आहे. सूर्य बराच वर आलेला आणि आभाळ निरभ्र असतां छिद्राचा आंकडा १६ ठेवावा, आणि आयएसओचा जो आंकडा असेल, सेकंदाचा तितकावा भाग शटर उघडावें. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. बहुतेक कॅमेऱ्यांवर १२५ हा जवळचा आंकडा सांपडतो, तो चालतो. छिद्र ११ वर आणलें तर शटर २५० वर न्यावें, ८ वर आणलें तर ५०० वर; एकानें दुप्पट दिलें तें दुसऱ्यानें निम्मे करावयाचें. विरळ ढगांनीं सांवल्या मऊ झाल्या असतील तर १६ च्या जागीं ११. सांवली जेमतेम दिसत असेल तर ८. मुळींच दिसत नसेल तर ५.६, आणि ऊन असतां इमारतीच्या सांवलींत माणूस उभा असेल तर ४. फिल्मच्या वेष्टणाबरोबर अशा अर्थाचा कागद पूर्वीं येत असे, आणि साध्या पेटीवजा कॅमेऱ्यांवर सूर्य व ढग अशीं चिन्हें कोरलेलीं असत. ज्यास अक्षरओळख नव्हती त्यासहि तीं वाचतां येत. या नियमांतील खरें शहाणपण आंकड्यांत नाहीं. तो आधीं जमिनीवरील सांवली पहावयास लावतो, यांत आहे.

आजचे कॅमेरे व फोन हा हिशेब आपल्या आपण करितात, म्हणून कोणी सांवली पाहत नाहीं. बहुतेक फोनांत छिद्र कायमचें एकच आणि तेंहि मोठें असतें; भर उन्हांत तो शटरचा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि पुष्कळ कमी करून निभावून नेतो. यंत्र हुशार आहे यांत शंका नाहीं. परंतु त्याच्या हुशारीच्या मुळाशीं एक ठोकळ समजूत आहे, ती अशी कीं जगांतील दृश्यांची सरासरी काढली तर ती मध्यम राखी रंगाची भरते. ज्या दृश्यांत ही समजूत लागू पडते तेथें चित्र उत्तम येतें. आपल्या जिल्ह्यांत ती वारंवार फसते. बीड शहरांतील कंकालेश्वराचें पुरातन देऊळ काळ्या पाषाणाचें असून पाण्याच्या मध्यें उभें आहे. चौकट त्या काळ्या दगडानें भरली कीं यंत्रास वाटतें, येथें अंधार आहे. तें प्रकाश वाढवितें. दगड राखी होतो, आभाळ कागदासारखें कोरें होतें, आणि पायरीवर पांढऱ्या सदऱ्यांत बसलेलीं मुलें विरघळून जातात. याउलट गेवराई-माजलगांवकडील फुटलेल्या कापसाचें शेत घ्या. सर्वत्र पांढरें पाहून यंत्र प्रकाश कमी करितें, कापूस मळकट येतो, आणि वेंचणाऱ्या बाईचा चेहरा काळोखांत जातो. मग घेणारा मनुष्य तिचा चेहरा दिसावा म्हणून प्रकाश वाढवितो, आणि कापसाचा धागा न् धागा नाहींसा होऊन शेतांत चुना सांडल्यासारखें दिसतें. या दोहोंमध्यें कोठें थांबावें, हें यंत्र सांगत नाहीं. तें माणसानेंच ठरवावयाचें असतें. त्यासाठीं कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशा खुणांचें एक साधन दिलेलें असतें. फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवलें कीं बहुधा लहानसा सूर्य उमटतो, तो खालीं ओढला कीं उजेड उतरतो. काळें दृश्य असेल तेथें उणे, पांढरें असेल तेथें अधिक: पहिल्यानें ऐकतांना हें उफराटें वाटतें, परंतु वरील समजूत लक्षांत घेतली कीं त्यांतील संगति उघड आहे.

पूर्वींच्या लोकांस हें ठरविणें टाळतां येत नव्हतें. फ्रान्समध्यें निएप्स यानें १८२६-२७ च्या सुमारास खिडकींतून जें पहिलें टिकाऊ छायाचित्र घेतलें, त्यास निदान आठ तास लागले असावेत असें मानतात. त्यामुळें त्यांत समोरासमोरच्या भिंतींवर दोन्हींकडून ऊन पडलेलें दिसतें. १८३९ त डागेरची रीति जाहीर झाली, आणि १८५४ त मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तींतील आरंभींच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकीं होत. आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होता, तेथील सहाव्या निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) कांचेच्या जड पट्ट्यांवर काम करीत. एक पट्टी बिघडली म्हणजे पैसा, श्रम व प्रसंग तिन्ही गेले. त्यांच्या चित्रांतील राजवाड्यांच्या पांढऱ्या भिंतींवरहि चुन्याच्या गिलाव्याचा पोत दिसतो, हें पाहण्यासारखें आहे. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१३ त "राजा हरिश्चंद्र" लोकांपुढें आणला, तो सूर्यप्रकाशाच्या बळावर; कॅमेरा चालविणारे त्र्यंबक तेलंग यांच्या हाताशीं आजच्यासारखें स्वयंचलित मोजमाप नव्हतें. या मंडळींस ऊन आपल्याहून कमी मिळत होतें असें नाहीं. परंतु ऊन हें मोजून घ्यावयाचें द्रव्य आहे हें त्यांस ठाऊक होतें.

ऊन किती, याबरोबर तें कोठून येतें हेंहि पहावें लागतें. बीड साधारण १९ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्हीं आपल्या अगदीं माथ्यावर येतो. घड्याळांत तेव्हां सुमारें साडेबारा वाजतात. उभ्या काठीची सांवली त्या क्षणीं काठीच्या पायाशींच मिटून जाते. आपलीं बहुसंख्य लग्नें मे महिन्यांत, आणि दुपारचा मुहूर्त असला म्हणजे अक्षता पडून मंडळी मांडवाबाहेर फोटोस उभी राहतात ती नेमकी याच वेळीं. भुंवईची सांवली डोळ्यांत, नाकाची ओठांवर, आणि टोपीची साऱ्या चेहऱ्यावर. अशा वेळीं छिद्र व शटर यांचा हिशेब अचूक केला तरी चित्र वाईटच येणार. तेव्हां मांडवाच्या कडेस, कनातीच्या आंत दोन हात सरकून उभें राहावें आणि समोर जमिनीवर एखादें पांढरें धोतर अंथरावें. खालून परत येणारा उजेड डोळे उघडतो. यास खर्च नाहीं. निंबाची सांवली मात्र फसवी. पानांमधून पडणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर कोडासारखे उमटतात. भिंतीची सलग सांवली तिच्याहून शतपट बरी.

येथवर अज्ञानानें होणाऱ्या दोषाविषयीं लिहिलें. आतां जो जाणूनबुजून केला जातो त्याविषयीं लिहावयाचें आहे, आणि आमच्या मतें तो अधिक वाईट आहे.

आपल्याकडे प्रकाश अधिक देण्याचें एक कारण असें आहे कीं अधिक प्रकाशांत माणूस गोरा दिसतो. धंद्यांतील कितीएक जण हें उघड सांगतात. ग्राहकच तसें मागतात, आम्हीं काय करावें, असें त्यांचें उत्तर असतें, आणि तें सर्वस्वी खोटें नाहीं. वधूपक्षास मुलीचा फोटो "उजळ" हवा असतो. एका समारंभाच्या चित्रांत एका विद्यार्थिनीचा चेहरा असा पांढरा केला होता कीं तिच्या कपाळावरील गोंदण पुसून गेलें होतें, तिच्या आईनें तो फोटो हातांत घेतला, बराच वेळ पाहिला, आणि "ही कोणाची?" असें विचारलें. ती थट्टा करीत नव्हती. आतां फोनच आपण होऊन कातडी गुळगुळीत व फिकट करितो. तेथें तर विचारण्याचीहि सोय राहिली नाहीं.

हा केवळ आपल्याच समाजाचा दोष आहे असें नव्हे. अमेरिकेंतील कोडॅक कंपनी रंगीत चित्रांच्या छपाईचा मेळ बसविण्यासाठीं प्रयोगशाळांस एक नमुन्याचें चित्र पाठवीत असे. त्यांत अनेक वर्षें गोऱ्या कातडीची एक बाई बसलेली असे. त्या पत्रकास "शर्ली" असें नांव पडलें होतें. शर्ली बरोबर दिसली कीं सारें बरोबर, असा हिशेब. काळ्या-सांवळ्या मनुष्यांचे चेहरे मग कसेहि येवोत. त्या कंपनींतील जुन्या लोकांनीं सांगितलेली हकीकत अशी आहे कीं सुधारणा होण्यास प्रथम जोर लावला तो चॉकलेटच्या व लाकडी सामानाच्या जाहिरातदारांनीं, कारण त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा चित्रांत वेगळाल्या दिसत नव्हत्या. माणसांच्या तक्रारीहून कपाटांची तक्रार आधीं ऐकली गेली! निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र दाखविणारें पत्रक यावयास १९९० नंतरचें दशक उजाडावें लागलें. गूगल कंपनीनें सांवळ्या कातडीच्या छटा यथार्थ याव्या म्हणून आपल्या फोनमध्यें खास सुधारणा केल्याचें जाहीर केलें तें तर २०२१ त.

येथें एक आक्षेप संभवतो, व तो विचारांत घेण्यासारखा आहे. कोणी म्हणेल, उजळ आभाळापुढें सांवळा चेहरा काळा ठिक्कर येतो. तेव्हां प्रकाश वाढविला नाहीं तर डोळेहि दिसणार नाहींत. मग वाढविला तर बिघडलें कोठें? हें खरें आहे कीं चेहरा दिसेल इतका प्रकाश दिलाच पाहिजे. चेहऱ्यासाठीं आभाळाचा बळी द्यावा लागला तर खुशाल द्यावा. परंतु दिसणें निराळें आणि गोरें होणें निराळें. तांबूस काळा, गव्हाळ, तुकतुकीत सांवळा, उन्हानें रापलेला, या छटा ज्या प्रकाशांत एकमेकींहून ओळखूं येतात तो प्रकाश बरोबर. त्या पुसून सर्वांचें एकच पीठ होऊं लागलें कीं मर्यादा ओलांडली. ही मर्यादा डोळ्यांस दिसते. कॅमेऱ्यांत उजेडाच्या वांटणीचा आलेख दाखविण्याची सोय असते. त्याचा उजवा कांठ भिंतीस जाऊन धडकला आहे कीं नाहीं, हें आठवीच्या मुलासहि एका तासांत शिकवितां येईल. पालकांनीं फोनच्या नांवानें मुलांवर रागवावें, त्यास आमची ना नाहीं. परंतु हा एक तास तेवढा त्यांतून वगळावा. भिंगाचा धडा विज्ञानाच्या पुस्तकांत आहेच. तो पाठ करून घेण्यापेक्षां कंकालेश्वराच्या काठावर नेऊन शिकविला तर अधिक काळ लक्षांत राहील. पालकांकडूनहि एवढीच अपेक्षा आहे कीं फोटो काढविण्यापूर्वीं छायाचित्रकारास एक वाक्य स्पष्ट बजावावें: आमचें मूल आहे तसें येऊं द्या.

शेवटीं आपल्या शाळेच्या वार्षिक समूहचित्राविषयीं एक सूचना करावयाची आहे. हें चित्र सामान्यतः स्नेहसंमेलनाच्या वेळीं, डिसेंबर-जानेवारींत, पटांगणाच्या मधोमध काढण्याचा प्रघात आहे. पांढरे सदरे, पांढरी फक्की मारलेलें मैदान आणि समोरून ऊन; मुलें डोळे किलकिले करून उभीं. इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीजवळ तीं उभीं केलीं तर हा सारा त्रास टळेल. सूर्य २३ सप्टेंबरच्या सुमारास विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे जातो, तो २१ मार्चच्या सुमारास परत येतो. तोंवर ठीक उत्तरेकडे तोंड करून असलेल्या भिंतीस दिवसभर ऊन लागत नाहीं. तेथें वर सांगितलेल्या हिशेबानें छिद्र ४, शटर १२५, आयएसओ १००, अथवा ओळी अधिक असून मागच्यांचेहि चेहरे रेखीव हवे असतील तर छिद्र ८ व आयएसओ ४००, एवढ्यावर काम होईल.

परंतु सूचना जागेपेक्षां दिवसाविषयीं अधिक आहे. ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें दिवाळीच्या आगेंमागें गांव सोडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. बरोबर कांहीं मुलेंहि जातात. डिसेंबरांतल्या चित्रांत तीं नसतात. त्यांच्यापैकीं कितीएकांच्या घरीं त्या वर्षींचा दुसरा फोटोहि निघत नाहीं. तेव्हां हें समूहचित्र आश्विन महिन्यांत, दसऱ्याच्या सुट्टीच्या आधीं, सर्व पट हजर असतां काढावें. पावसानें धूळ बसलेली असते, हवा स्वच्छ असते, उत्तरेची भिंत सांवलींत आलेली असते. सकाळीं नऊ वाजतां उंच मुलें मागें उभीं करून काम सुरू केलें तर पहिल्या तासापूर्वीं आटोपेल, आणि ज्याला त्याला आपली प्रत गाड्या भरण्याच्या आधीं हातांत मिळेल.